विरलेल्या वस्त्रांचा इतिहासकार

(प्रतिनिधी)

भिवंडीच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्याच्या कानावर आजही यंत्रमागांचा खडखडाट पडतो. उल्हासनगरात घराघरांतून जीन्स शिवल्या जातात. शहाडला रेयॉनचा धागा निघतो. ठाण्यात १९२५ साली सुरू झालेल्या लोकरी कापडाच्या गिरणीने रेमंड हे नाव देशभर पोहोचवले. आता त्या जागेवर निवासी मनोरे उभे आहेत. कापडाशी असलेले या पट्ट्याचे नाते गिरण्यांपेक्षाही फार जुने आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या बंदरात परदेशी गलबते लागत, आणि सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने येथून बाहेर जाणाऱ्या मालात पितळ आणि शिसवीच्या ओंडक्यांबरोबर कापडाचीही नोंद केली आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याच्या निर्यातीत सुती कापड नोंदवले. पोर्तुगीज अमदानीत ठाण्याचे रेशीम नावाजलेले होते.

मग एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्याने विचारले, की पाचशे वर्षांपूर्वी ठाण्यात किंवा कल्याणात विणलेले कापड मला कोठे पाहायला मिळेल, तर उत्तर देताना आपण अडखळतो. बंदराचा धक्का खचला तरी दगड राहतात, नाणी जमिनीतून निघतात, ताम्रपट विहिरीत सापडतात. कापड मात्र वापरले जाते, विरते, त्याचे पोतेरे होते आणि अखेर त्याची राख किंवा माती होते. ज्याचा पुरावाच टिकत नाही, त्याचा इतिहास लिहायचा कसा, हा प्रश्न एका संशोधकाने आयुष्यभर उराशी बाळगला आणि मुंबईत बसून तो बऱ्याच अंशी सोडवला. ते संशोधक म्हणजे डॉ. मोतीचंद्र.

काशीहून मुंबईला

मोतीचंद्रांचा जन्म १९०९ सालचा, काशीचा. आधुनिक हिंदी साहित्याचे जनक मानले जाणारे भारतेंदु हरिश्चंद्र ज्या घराण्यात जन्मले, त्याच घराण्यात तेही वाढले. सुखवस्तू व्यापाऱ्यांचे, साहित्याची आणि कलेची आवड जोपासणारे हे घराणे होते. काशी हे किनखाबाचे आणि शालूचेही शहर. गल्लीबोळांतून मागाचा आवाज यावा, दुकानात पांढऱ्या गादीवर बसून गिऱ्हाइकासमोर एकेक ठाण उलगडले जावे, हे तेथील रोजचे दृश्य. रायकृष्णदासांनी १९२० साली भारत कला भवनाची स्थापना केली तीही याच शहरात. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला कापड हा केवळ अंग झाकण्याचा पदार्थ वाटला नाही, यात नवल नाही.

काशी हिंदू विश्वविद्यालयातील शिक्षणानंतर ते लंडनला गेले आणि तेथील विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले. १९३७ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात कला विभागाचे अभिरक्षक म्हणून ते रुजू झाले. तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. १९५० साली ते संग्रहालयाचे संचालक झाले आणि १९७४ साली निधन होईपर्यंत या संस्थेशी त्यांचे नाते अतूट राहिले. काशीचा हा माणूस मुंबईचाच झाला.

ज्या वास्तूत त्यांनी हे काम केले तिचाही थोडा परिचय हवा. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने आखलेल्या या इमारतीची कोनशिला १९०५ साली बसवण्यात आली. बांधकाम १९१४ साली पूर्ण झाले. पण पहिल्या महायुद्धामुळे तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी करावा लागला आणि संग्रहालय खुले व्हायला १९२२ साल उजाडले. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांनी ते समृद्ध झाले. १९९८ साली त्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे झाले. चित्रे, शिल्पे, शस्त्रे, शाली आणि जरीवस्त्रे एकाच छपराखाली असणे मोतीचंद्रांच्या दृष्टीने मोलाचे ठरले. कारण त्यांची पद्धतच अशी होती, की कापड समजून घ्यायचे तर चित्र पाहावे, चित्र समजून घ्यायचे तर ग्रंथ वाचावा आणि ग्रंथातला शब्द अडला तर पुन्हा शिल्पाकडे यावे.

पुरावा कोठे शोधायचा?

भारताची हवा कापडाची वैरी आहे. इजिप्तच्या कोरड्या वाळूत शतकानुशतके टिकणारा सुताचा तुकडा आपल्याकडच्या पावसाळ्यात काही वर्षांतच कुजतो. जे थोडे मिळाले ते धातूच्या कृपेने. मोहेंजोदडो येथे मंजिष्ठेच्या लाल रंगात रंगवलेल्या सुती कापडाचे अवशेष चांदीच्या भांड्याला चिकटून राहिले म्हणून हाती आले. आपल्या महाराष्ट्रात नेवासे येथील उत्खननात ताम्रपाषाणयुगातील एका मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली आणि त्या मण्यांच्या भोकांत रेशीम व कापूस यांच्या दोऱ्याचे अवशेष आढळले. तांब्याच्या गंजाने तो दोरा राखला होता. साडेतीन हजार वर्षांपूर्वी कोणा आईबापांनी मुलाच्या गळ्यात घातलेली ती माळ. एवढ्याशा दोऱ्यावर वस्त्रांचा सलग इतिहास उभा राहत नाही, हेही तितकेच खरे.

मोतीचंद्रांनी म्हणून दुसऱ्या वाटा धरल्या. पहिली वाट शिल्पांची आणि चित्रांची. भारहूत आणि सांचीच्या शिल्पांतील पागोटी, गांधार शिल्पांतील उत्तरीये, गुप्त नाण्यांवरील राजांचे अंगरखे आणि अजिंठ्याच्या भिंतींवरील रंगीत पट्ट्यांची व नक्षीची वस्त्रे त्यांनी बारकाईने तपासली. धोतराचा काचा कसा मारला आहे, कमरपट्ट्याची गाठ कोठे आहे, बाही मनगटापर्यंत आहे की कोपरापर्यंत, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींची त्यांनी नोंद ठेवली आणि कालक्रमाने ती मांडली.

दुसरी वाट ग्रंथांची, आणि ती अधिक बिकट. संस्कृत, पाली आणि प्राकृत वाङ्मयात कापडांची शेकडो नावे येतात. पण त्या नावाचे कापड डोळ्यांसमोर नसल्यामुळे टीकाकारांनी आणि कोशकारांनी ढोबळ अर्थ देऊन वेळ मारून नेलेली असते. बाणभट्टाने हर्षचरितात राज्यश्रीच्या विवाहाचे वर्णन करताना क्षौम, बादर, दुकूल, लालातंतुज, अंशुक आणि नेत्र अशी वस्त्रे एकापाठोपाठ मांडली आहेत. सामान्य वाचक या सर्वांचा अर्थ तलम कापड असा घेऊन पुढे जातो. मोतीचंद्र आणि त्यांचे विद्वान मित्र वासुदेवशरण अग्रवाल यांच्यासारखे अभ्यासक मात्र तेथेच थांबले. बादर म्हणजे कापसाचे, लालातंतुज म्हणजे किड्याच्या लाळेपासून निघालेल्या तंतूचे, अर्थात रेशमी. मग अंशुक कोणते आणि नेत्र कोणते? प्रत्येक शब्दाचा माग काढत जाणे हे त्यांचे काम झाले.

या शोधात त्यांना एक अनपेक्षित खाण सापडली, ती जैन साधूंच्या आचारग्रंथांची. साधूंनी कोणती वस्त्रे स्वीकारू नयेत याचे नियम सांगताना या ग्रंथांनी आणि त्यांवरील भाष्य-चूर्णींनी महागड्या, तलम, सोन्याच्या तारांच्या, कातड्याच्या, दूरदेशीच्या वस्त्रांच्या लांबलचक याद्या दिल्या आहेत. विरक्तांनी त्याज्य ठरवलेल्या वस्तूंच्या यादीतून प्राचीन भारताच्या बाजारपेठेचे चित्र उभे राहावे, ही गंमत मोतीचंद्रांनी नेमकी हेरली. पुढच्या काळासाठी त्यांनी राजा सोमेश्वराचा मानसोल्लास हा बाराव्या शतकातील ग्रंथ वापरला. त्यात राजाने कोणती वस्त्रे वापरावीत हे सांगताना मूलस्थान म्हणजे मुलतान, नागपट्टण, कलिंग, वंग आणि महाचीन अशी ठिकाणे येतात. येथे आपल्या वाचकांनी एक घोटाळा टाळावा. हा सोमेश्वर चालुक्यांच्या कल्याणीचा राजा. ती कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण, आपले खाडीकाठचे कल्याण नव्हे.

हिंदीतून लिहिलेला ग्रंथ

या साऱ्या परिश्रमाचे पहिले मोठे फळ म्हणजे १९५० साली प्रसिद्ध झालेला प्राचीन भारतीय वेशभूषा हा ग्रंथ. लंडनची डॉक्टरेट मिळवलेल्या, संग्रहालयाचे कामकाज इंग्रजीतून चालवणाऱ्या या विद्वानाने तो हिंदीत लिहिला. देशी भाषेत शास्त्रीय विषय मांडता येत नाही, असे मानण्याचा तो काळ. मोतीचंद्रांनी त्यावर वाद घातला नाही. ग्रंथ लिहून मोकळे झाले. याच विषयाचा अधिक विस्तृत इंग्रजी ग्रंथ यायला १९७३ साल उजाडले. वस्त्रांबरोबर प्रसाधने आणि केशरचना यांचाही त्यात समावेश होता. त्यानंतर वर्षभरातच त्यांचे निधन झाले.

प्राचीन भारतीय लोक केवळ न शिवलेली वस्त्रे नेसत आणि शिवण परकीयांनी आणली, असा एक सरधोपट समज अनेक वर्षे प्रचलित होता. दुसरीकडे, आपल्याकडे सर्व काही पूर्वीपासूनच होते, असे सांगणाऱ्यांचाही वर्ग होता. मोतीचंद्रांच्या मांडणीने दोन्ही टोकांना आवर घातला. धोतर, उत्तरीय आणि पागोटे हा सर्वसामान्यांचा वेश असला तरी सैनिक, सेवक, शिकारी आणि राजे यांच्या अंगावर शिवलेले कंचुक आणि चोलक दिसतात. शक-कुषाणांबरोबर अंगरखे, सुरवारी आणि बूट आले आणि तेही येथल्या वेशात मुरले. वेशभूषा ही देवाणघेवाणीतून घडते, तिच्यावरून शुद्ध-अशुद्धतेचे निवाडे करता येत नाहीत, हा त्यांच्या लेखनाचा मथितार्थ आहे. आजच्या काळातही तो जुना झालेला नाही.

जाम्याच्या टोकावरून कालनिर्णय

मोतीचंद्र हे लघुचित्रांचे मोठे जाणकार म्हणूनही ओळखले जातात. पश्चिम भारतातील जैन लघुचित्रांवरील आणि मोगल चित्रांच्या तंत्रावरील त्यांचे ग्रंथ १९४९ सालचे. कार्ल खंडालावाला यांच्यासह लिहिलेला भारतीय चित्रकलेच्या नव्या साधनांवरील ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला. या चित्राभ्यासातही वस्त्र हे त्यांच्या हातातील महत्त्वाचे हत्यार होते.

बहुतेक जुन्या चित्रांवर सन-तारीख नसते. अशा वेळी चित्रातील माणसाने काय घातले आहे, हे साक्षीदाराचे काम करते. उदाहरणार्थ, खालचा घेर सरळ न राहता टोकाटोकांनी लोंबणारा चाकदार जामा अकबराच्या दरबारी चित्रांत सर्रास दिसतो. मग तसा जामा असलेले चित्र अकबराच्या काळातले मानायचे, की ही तऱ्हा त्याआधीपासून रूढ होती? या एका प्रश्नावर चित्रांच्या एका संपूर्ण गटाचा काळ पुढे-मागे सरकतो, आणि अभ्यासकांत त्यावरून दीर्घ वाद झडले. शिंप्याची कात्री इतिहासकाराच्या कामी येते ती अशी.

कापडाने चित्राचा काळ सांगावा, तसेच चित्रानेही कापडाची ओळख पटवावी. इजिप्तमध्ये कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या वस्तीत भारतीय ठशांच्या सुती कापडांचे असंख्य तुकडे सापडले आहेत. ते बहुतांशी गुजरातेतून गेलेले. गुजरातेतील जैन पोथ्यांच्या चित्रांत स्त्री-पुरुषांच्या अंगावर हंसांच्या रांगांची आणि वेलबुट्टीची जी वस्त्रे दिसतात, त्यांच्याशी या तुकड्यांवरील नक्षी जुळते. येथे कापड उरले नाही, चित्र उरले. तेथे चित्र नव्हते, कापड उरले. दोन्ही शेजारी ठेवली की समुद्रापार गेलेल्या एका व्यापाराचा पट उलगडतो.

अहमदाबादला १९४९ साली कॅलिको वस्त्रसंग्रहालय स्थापन झाले आणि तेथून भारतीय वस्त्रांच्या इतिहासाला वाहिलेले नियतकालिक निघू लागले. आठव्या ते बाराव्या शतकातील आणि सुलतानी काळातील वेशभूषा व वस्त्रांवर मोतीचंद्रांनी त्यात लिहिलेले लेख अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. काश्मिरी शालींवरही त्यांनी संग्रहालयाच्या पत्रिकेत लिहिले. कानी शाल विणताना आडवा धागा एकाच धोट्याने या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी लाकडी काडी असते आणि विणकर त्या त्या रंगापुरती ती फिरवतो. कोणत्या रंगाचे किती धागे घ्यायचे, हे तालीम नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेले असते. काश्मिरी गालिच्यांच्या नक्षीसाठीही ही तालीम वापरली जाते, पण ते गाठी मारून विणले जातात. पेशवाईत मानकऱ्याला शालजोडी देऊन गौरवीत, तेव्हा त्या शालीत किती महिन्यांची नजर खर्ची पडली असेल याची कल्पना यावरून येते. पुढे युरोपात यांत्रिक मागावर तशाच नक्षीच्या शाली निघाल्या, १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर फ्रान्सची बाजारपेठ ढासळली आणि काश्मिरातील हजारो विणकरांच्या पोटावर पाय आला. कापडाच्या इतिहासात विणकराच्या भुकेचाही इतिहास असतो.

कल्याणची वाट

ठाणे-कल्याणच्या वाचकाला मोतीचंद्र जवळचे वाटावेत असा त्यांचा ग्रंथ म्हणजे १९५३ साली प्रसिद्ध झालेला सार्थवाह. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा आणि त्याचा म्होरक्या तो सार्थवाह. प्राचीन भारतातील व्यापारी मार्गांचा हा इतिहासही त्यांनी हिंदीतच लिहिला. त्याचे इंग्रजी रूप त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ साली प्रकाशित झाले.

पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात कल्याणचा उल्लेख आहे. एकेकाळी हे अधिकृत व्यापारी बंदर होते. पण सत्तासंघर्षात त्याची कोंडी झाली आणि चुकून तेथे गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे त्यात नमूद आहे. पैठण आणि तेर येथून गाड्यांतून माल भडोचला जाई आणि तेरच्या मालात जाडेभरडे कापड व तलम मलमल दोन्ही असे. घाटावरचा माल कोकणात उतरवण्यासाठी नाणेघाट होता. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची नावे कोरलेली आहेत. तेर, नाणेघाट, कल्याण आणि कान्हेरी ही आपल्याला सहलीची चार वेगळी ठिकाणे वाटतात. सार्थवाह वाचल्यानंतर ती एकाच वाटेवरची ठाणी वाटू लागतात, आणि त्या वाटेवरून बैलाच्या पाठीवर कापडाचे गठ्ठे उतरताना दिसतात.

मोतीचंद्रांनी दाखवलेली दृष्टी आपल्या परिसरातही वापरून पाहता येते. कान्हेरीच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दात्या जोडप्यांची भव्य शिल्पे आहेत. त्यांची शिरोभूषणे आणि कमरेची वस्त्रे पाहावीत. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. ऊन-पावसाने झिजलेल्या तेथील मूर्तींतही वस्त्राची कड, कमरेवरचा पट्टा आणि सोग्याची चुणी शोधता येते. देवदर्शन झाल्यावर दहा मिनिटे एवढ्यासाठी थांबले, तरी नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे नेसू डोळ्यांसमोर उभे राहील.

पेटीतला इतिहास

ठाण्याच्या रेशमावर बी. ए. गुप्ते यांनी एकोणिसाव्या शतकातच इंग्रजी कलाविषयक नियतकालिकात लेख लिहून ठेवला होता, म्हणून त्या उद्योगाची आठवण तरी उरली. माग गेले, विणकर पांगले, कापड विरले. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी भिवंडीत हातमाग रुजवले आणि पुढे त्यांचे यंत्रमाग झाले. त्या पहिल्या हातमागांवरची लुगडी आज किती जणांनी जपली असतील?

यात आपणही निर्दोष नाही. बोहारणीला जुनी लुगडी देऊन स्टीलचे पातेले घेणे हा आपल्या घरांतला कालपरवापर्यंतचा रिवाज होता. पैठणी किंवा शालू फाटला की काठपदर कापून जाळायचे आणि त्यातील जरीची चांदी गाळून घ्यायची, हेही घरोघर चालत आले. गरजेपोटी केलेल्या या व्यवहाराला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या भट्टीत चांदीच्या बदल्यात काय जळाले, याचा हिशेब मोतीचंद्रांसारख्या अभ्यासकामुळेच आपल्याला कळतो. एका शब्दाचा अर्थ लावण्यासाठी ज्याने दहा ग्रंथ आणि शंभर शिल्पे धुंडाळली, त्याला त्या नावाच्या कापडाचा वीतभर तुकडा मिळाला असता तर किती श्रम वाचले असते!

पणजीचा शालू, आजोबांची पगडी, बाळंतविड्यातील कुंची घरात असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये. धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडात गुंडाळावी, वर्षातून दोनदा उलगडून घडी बदलावी, उन्हात टाकू नये आणि डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते वस्त्र कोणाचे, कोठून आणलेले, कोणत्या प्रसंगी नेसलेले, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. नाव हरवलेले कापड आणि कापड हरवलेले नाव यांची गाठ घालण्यात डॉ. मोतीचंद्रांचे आयुष्य गेले. आपल्या ट्रंकेत ही दोन्ही अजून एकत्र आहेत, तोवर त्यांची ताटातूट होऊ न देणे आपल्या हाती आहे.